खाँसाहेबांचा तंबोरा आणि तबकडीची खरखर

अब्दुल करीम खाँसाहेबांची मैफल तंबोऱ्याने सुरू होई. त्यांची तबकडी मात्र खरखरीने सुरू होते. १९३७ साली खाँसाहेब गेले. त्यांना समोर बसून ऐकलेला रसिक आज भेटणे अशक्यच. तेव्हा आपल्या वाट्याला आलेले खाँसाहेब हे तबकडीतले खाँसाहेब आहेत, मग ते आपण ग्रामोफोनवर ऐकोत, आकाशवाणीवर ऐकोत की खिशातल्या मोबाईलवर ऐकोत. तीन-सव्वातीन मिनिटांच्या त्या गाण्यामागे एक बारीक सळसळ सतत चाललेली असते. मध्येच टिक् असा आवाज येतो, तळाशी कुठेतरी गुरगुर जाणवते. जुनी रेकॉर्ड आहे, एवढे म्हणून आपण ते सोडून देतो. परंतु ज्या गवयाने सारे आयुष्य तंबोऱ्याचा झंकार ऐकण्यात घालवले, त्याच्याच गाण्यात तो झंकार शोधावा लागावा आणि त्याच्या जागी दगडाची भुकटी वाजावी, हा प्रकार मला सोडून देण्याजोगा वाटत नाही. खाँसाहेबांची चरित्रे आजवर अनेकांनी लिहिली. येथे ते चरित्र तंबोरा आणि तबकडी यांच्या अंगाने सांगायचे आहे.

खाँसाहेबांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तर हिंदुस्थानातील कैराना या गावी झाला. या गावालाच गवई मंडळी किराना म्हणतात आणि त्यावरूनच घराण्याचे नाव पडले. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांची तालीम झाली. घराणे मूळचे सारंगियांचे व बीनकारांचे. खाँसाहेबही आधी सारंगी वाजवीत. ही गोष्ट त्यांच्या गाण्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. सारंगीला पडदे नसतात. सूर कोठे आहे हे बोटाला कोणी दाखवून देत नाही, ते कानानेच शोधावे लागते. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधली सारी वाट त्या बोटाखालून जाते. पुढे त्यांच्या गळ्यातून जी मींड आली, सुरांना जो अखंड ओढा आला, त्याचे मूळ या सारंगीत आहे असे जाणकार मानतात आणि ते पटण्यासारखे आहे.

तारुण्यात ते बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या दरबारी राहिले. तेथे राजघराण्याशी नाते असलेल्या माने सरदारांच्या कन्या ताराबाई यांना ते गाणे शिकवू लागले आणि या शिकवणीचा शेवट दोघांनी बडोदे सोडण्यात झाला. मुंबई आणि मग मिरज असा त्यांचा प्रवास झाला. त्यांच्या मुलांनी पुढे महाराष्ट्राचे संगीत समृद्ध केले : सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, कृष्णराव माने, कमलाबाई बडोदेकर, सरस्वती राणे. एका घरातून एवढे सूर बाहेर पडल्याचे उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल.

मिरज त्यांनी निवडली, की मिरजेने त्यांना निवडले? मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या कृपेने आपण प्लेगातून वाचलो अशी त्यांची श्रद्धा होती, असे सांगतात. पण मिरजेत आणखी एक गोष्ट होती. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी तेथे एकोणिसाव्या शतकात तंबोरे व सतारी घडवायला सुरुवात केली होती. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, त्यावर लाकडी तबली, तबलीवर घोडी. खाँसाहेबांसारख्या माणसाला याहून चांगले गाव कोणते? वाद्य उघडून दुरुस्त करण्यात त्यांचा स्वतःचाही हात चांगला बसला होता. तंबोरा जुळवायला ते वेळ घेत आणि तो जुळल्याशिवाय गात नसत.

येथे जवारीबद्दल थोडे सांगितले पाहिजे, नाही तर पुढचे समजणार नाही. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी किंचित गोलाई असते. त्या माथ्यावर तारेखाली सुताचा दोरा सरकवतात. दोरा योग्य जागी बसला की छेडलेली तार घोडीला पुन्हा पुन्हा स्पर्श करीत राहते आणि मूळ सुराबरोबर त्याचे वरचे अनेक स्वर एकामागून एक उमलू लागतात. हीच जवारी. खर्जाच्या तारेतून तर गंधार ऐकू येतो. तो कोणी छेडलेला नसतो. त्या गंधाराला आपल्याकडे स्वयंभू म्हटले आहे. म्हणजे तंबोरा हा स्वतःच गाण्यामागचा एक मंद आवाज आहे. फरक इतकाच की हा मंद आवाज हवासा आहे. किराना घराण्याचा गवई या आवाजात आपला षड्ज मिसळतो, इतका की गळा कोठे संपला आणि तार कोठे सुरू झाली हे कळू नये.

आता तबकडीकडे वळू. हिंदुस्थानात गाण्याच्या तबकड्यांचे पहिले मुद्रण १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास फ्रेड गाइसबर्ग याने केले. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच, म्हणजे १९०५ च्या सुमारास, खाँसाहेबांनीही ग्रामोफोन कंपनीसाठी काही तबकड्या गायिल्या. त्या वेळी मायक्रोफोन नव्हता. गवयाने पत्र्याच्या मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे. आवाजाच्या धक्क्याने कर्ण्याच्या टोकाचा पडदा हले, पडद्याला जोडलेली कापणी हले आणि फिरणाऱ्या मेणाच्या जाड चकतीवर खाच उमटे. बस्स, विजेचा संबंध नाही. हा कर्णा सुमारे दोनशेपासून दोन हजार आवर्तनांपर्यंतचेच आवाज पकडी. तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या खाली राही, जवारीचा झगमगाट त्याच्या वर राही. शिवाय कर्ण्यापुढे जागा एकाच तोंडाला. तंबोरा मागे राहिला म्हणजे संपलाच. ज्याच्या आधारावर गाणे उभे आहे तो आधार यंत्राच्या लेखी नव्हताच.

मेणाच्या चकतीवरून धातूचा साचा करीत आणि त्या साच्यावरून तबकड्या छापीत. सुरुवातीला हे काम जर्मनीतील हॅनोव्हर येथे होई. १९०८ मध्ये कलकत्त्यास सियालदह येथे कारखाना निघाला. आणि तबकडी कशाची? लाखेची. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर लाखेचे किडे जो राळेसारखा थर करतात त्याची. आपल्या कळंबच्या आसपास फाल्गुनात पळस पेटतो तेव्हा आपण फुलांकडे पाहतो. त्याच जातीच्या झाडांवरची लाख या देशातून साऱ्या जगातील तबकड्यांसाठी जात होती, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. पण नुसती लाख पुरत नाही, ती ठिसूळ आणि महाग. म्हणून तिच्यात दगडाची बारीक भुकटी मोठ्या प्रमाणात मिसळीत आणि काळ्या रंगासाठी काजळी. भुकटी मिसळण्याचे आणखी एक कारण होते, ते ऐकून नवल वाटेल. वाजवणारी पिन पोलादाची आणि खाच मिलिमीटरच्या सहाव्या-सातव्या भागाइतकी रुंद. दोन्ही एकमेकींत नीट बसल्या पाहिजेत. तेव्हा तबकडीनेच पहिल्या काही फेऱ्यांत पिनेला घासून आपल्या मापाची करावी, अशी योजना होती. तबकडी म्हणजे एक प्रकारची सहाणच म्हणा ना! म्हणून एक पिन एका बाजूपुरतीच वापरायची असे.

आपल्याला ऐकू येणारी सळसळ ती हीच. पिन भुकटीच्या कणांवरून धावते, प्रत्येक कण तिला अगदी किंचित हलवतो आणि असे हजारो कण एका सेकंदात येतात. त्यांना ताल नाही, सूर नाही, म्हणून ती पावसासारखी वाटते. टिक् हा आवाज वेगळा, तो चऱ्याचा. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला पाऊण सेकंदाहून किंचित अधिक वेळ लागतो. आडवा चरा असेल तर तेवढ्या अंतराने टिक्, टिक् वाजत राहते. तबल्याच्या लयीशी तिचे जमत नाही आणि कान मात्र तिकडेच जातो. घरात मूल जिन्यावरून उड्या मारीत असावे आणि आपण अभ्यासाला बसावे, तसे ते आहे.

दरम्यान खाँसाहेबांचे आयुष्य पुढे जात होते. १९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. याच काळाच्या आसपास सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि साताऱ्याचे न्यायाधीश क्लेमंट्स हे बावीस श्रुतींचे गणित मांडण्याच्या खटाटोपात होते. देवलांचे पुस्तक १९१० मध्ये आणि क्लेमंट्स यांचे १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. गणित कागदावर मांडता येते, पण श्रुती प्रत्यक्ष लावून दाखवणारा गळा हवा. तो खाँसाहेबांनी दिला. भातखंडे यांना हे गणित मान्य नव्हते आणि वाद पुष्कळ झाला. वाद कोणी जिंकला हे ठरवण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकाला नाही. पण एक हिशेब येथे करून पाहण्यासारखा आहे.

श्रुतींच्या गणितातील सर्वांत लहान अंतर ८१ ला ८० या प्रमाणात असते. म्हणजे सूर ऐंशीत एक भागाने वर किंवा खाली. आता तबकडीच्या मधले भोक छापताना एक मिलिमीटर बाजूला पडले असे समजा. असे व्हायचे, नाही असे नाही. गाण्याच्या शेवटाकडे पिन मध्यापासून सुमारे साठ मिलिमीटरवर येते. भोक एक मिलिमीटर चुकले तर प्रत्येक फेऱ्यात ती अर्धा वेळ जवळ आणि अर्धा वेळ दूर राहील, खाचेचा वेग साठात एक भागाने वाढेल आणि तेवढ्याच भागाने घटेल. वेग बदलला की सूर बदलतो. साठात एक हे ऐंशीत एकपेक्षा मोठे आहे. म्हणजे ज्या श्रुतीसाठी दोन विद्वान वर्षानुवर्षे झटले आणि जी खाँसाहेबांनी गळ्यातून काढून दाखवली, तिच्याहून जास्त डोलणे कारखान्यातल्या एका तिरप्या भोकाने सुराला आणले. ऐकणाऱ्याला वाटावे, बुवांचा सूर हलतो आहे! लांबवलेल्या षड्जावर हे डोलणे जास्त जाणवते आणि लांबवलेला षड्ज हेच किराना गायकीचे वैभव.

१९२२ मध्ये ताराबाई मुलांसह खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. मुलांनी वडिलांचे नाव लावले नाही. या दुःखाविषयी पुष्कळ तर्क केले गेले आहेत, त्यांत आपण जायला नको. खाँसाहेब मिरजेस राहिले, दक्षिणेत वारंवार गेले, म्हैसूर दरबारी गायिले, कर्नाटक संगीत त्यांनी आदराने ऐकले आणि त्यागराजांची कृतीही तबकडीवर गायिली. सवाई गंधर्व, रोशनआरा बेगम, कपिलेश्वरीबुवा अशा शिष्यांमधून त्यांचे गाणे पुढे गेले. त्या पिढीतील सर्वांचे असे भाग्य नव्हते. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले आणि त्यांचा आवाज आज ऐकायला मिळत नाही. अल्लादिया खाँसाहेबांनी तबकडीपुढे गाणे पत्करले नाही. तेव्हा खरखरीबद्दल तक्रार करताना हेही लक्षात ठेवावे की काही थोरांच्या बाबतीत खरखरसुद्धा उरलेली नाही.

१९३४ ते १९३६ या काळात खाँसाहेब ओडियन कंपनीसाठी गायिले. आपण ज्यांना खाँसाहेबांच्या तबकड्या म्हणतो त्या मुख्यतः या. झिंझोटीची ठुमरी, भैरवीतील जमुना के तीर, मराठी नाट्यपदे. वय साठीच्या पुढे होते. पण यंत्र बदलले होते. १९२५ पासून जगात विद्युत मुद्रण आले होते. कर्णा जाऊन मायक्रोफोन आला होता. खाँसाहेबांचा आवाज टोकदार, नाजूक, थोडा सानुनासिक. पल्लेदार, दणदणीत आवाजाच्या गवयाला कर्णा मानवे, या आवाजाला मायक्रोफोनच हवा होता. त्यांना ओरडावे लागले नाही, आणि म्हणूनच त्या भैरवीतील आर्तता आपल्यापर्यंत येऊ शकली. गदगच्या भीमसेन जोशी नावाच्या मुलाला खाँसाहेबांच्या तबकडीनेच वेड लावले आणि त्याने गाण्यासाठी घर सोडले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. त्या मुलाने गाणे ऐकले ते याच सळसळीतून.

पण विजेबरोबर विजेचे आवाजही आले. वीजप्रवाह सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होतो. यंत्राच्या तारा नीट झाकलेल्या नसतील, जमिनीशी जोडलेल्या नसतील, तर पन्नास आणि शंभर आवर्तनांची एक गुणगुण गाण्याखाली लागते. तिला पट्टी असते! तोही एक खर्जच आहे, पण कोणत्याही गवयाच्या षड्जाशी न जुळलेला. बेसूर तंबोरा मागे ठेवून गाण्यासारखे ते आहे. गुरगुर निराळी. ती यंत्राच्या दांड्याची, चाकांची, कधी इमारतीखालून जाणाऱ्या गाड्यांची. हे मुद्रण करणारे जाणून होते. म्हणून मेण कापणारे यंत्र विजेच्या मोटरीवर न चालवता, जुन्या भिंतीवरच्या घड्याळासारखे, सावकाश खाली उतरणाऱ्या वजनावर चालवण्याची रीत होती. वजनाला आवाज नसतो. एवढी काळजी मुद्रण करताना घेत आणि मग तीच तबकडी घरोघरी चावीच्या ग्रामोफोनवर, गंजलेल्या पिनेने वाजे.

या ओडियन तबकड्यांत हार्मोनियम आणि तबला स्पष्ट ऐकू येतात. तंबोरा मात्र कान लावून शोधावा लागतो. गवई थांबतो, तबल्याचे बोल विरतात, त्या निमिषात. चिंतामणीच्या देवळात पायऱ्या उतरून खाली गेले की बाहेरची गर्दी मागे पडते आणि कुंडाजवळचा लहानसा आवाजही जाणवतो. तशी शांतता हवी. पण नेमक्या त्याच क्षणी सळसळही वर येते. ती वाढलेली नसते, गाणे बाजूला झाले म्हणून दिसते इतकेच. जवारीचे वरचे स्वर आणि भुकटीची सळसळ यांचे घर एकच : दोन हजारांच्या पुढची आवर्तने.

लाँगप्ले तबकड्या आल्यावर हे गाणे त्यांवर उतरवले गेले. त्यासाठी मध्ये टेप आली आणि टेपेचे स्वतःचे आवाज आले. टेपेची फुसफुस एक. दुसरा चमत्कारिक. टेप रिळावर गुंडाळलेली असते, एका वेढ्यावरचे चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर किंचित उमटते. त्यामुळे गाणे सुरू होण्यापूर्वीच्या शांततेत, एका वेढ्याच्या अंतराने, त्याच गाण्याची सावली ऐकू येते. लाँगप्लेच्या खाचेतही शेजारच्या खाचेचा ठसा उमटतो. तेथे हे अंतर एका फेऱ्याचे, म्हणजे १.८ सेकंदाचे. षड्ज लागण्याआधी त्याचे भूत षड्ज लावून जाते! यावर संग्रहालयांनी साधा उपाय काढला. टेप उलटी, म्हणजे शेवटाचे टोक बाहेर ठेवून गुंडाळायची. मग मोठी सावली गाण्याच्या आधी न पडता नंतर पडते आणि गाण्यातच बुडून जाते.

आता संगणक आला आहे. टिक् काढून टाकणे त्याला सहज जमते आणि ते जरूर काढावे. चऱ्यात संगीत नसते. विजेची गुणगुणही नेमकी कापता येते. सळसळीचे तसे नाही. ती साफ करायला गेले की तिच्याच घरात राहणारी जवारी, शब्दांतला स आणि श, गळ्याचा श्वास, ही मंडळीही बाहेर फेकली जातात. मागे राहतो तो गुळगुळीत, थोडा पाण्याखालून आल्यासारखा आवाज. आज बाजारात आणि मोबाईलवर अशी धुतलेली मुद्रणे पुष्कळ आहेत. ज्यांना फक्त चाल ऐकायची आहे त्यांना ती सोयीची वाटतील. माझ्या मते खाँसाहेब ऐकायचे तर सळसळीसकट ऐकावेत. पहिल्या अर्ध्या मिनिटात कान तिला बाजूला ठेवायला शिकतो. ते काम संगणकापेक्षा कानाला चांगले जमते. शिवाय तंबोरा जो काही उरला आहे तो त्या सळसळीतच आहे.

१९३७ च्या ऑक्टोबरात खाँसाहेब मद्रासकडे होते. तेथून पाँडिचेरीला जाताना गाडीतच त्यांना अस्वस्थ वाटू लागले. सिंगपेरुमलकोविल या लहानशा स्थानकावर ते उतरले. फलाटावर अंथरूण घातले गेले. तंबोरा जुळवून घेतला आणि दरबारीच्या सुरांत त्यांनी परमेश्वराचे नाव घेतले, असे सांगतात. त्या दिवशी तारीख २७ होती. तेथे कर्णा नव्हता, मायक्रोफोन नव्हता, मेणाची चकती नव्हती. रुळांचा, वाऱ्याचा, माणसांच्या बोलण्याचा जो काही आवाज त्या फलाटावर असेल तो असेल; त्यामागे तंबोरा वाजत होता आणि जे चार जण जवळ होते त्यांना तो ऐकू येत होता.

त्यांचा देह मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला. दर वर्षी उरुसात तेथे त्यांच्या स्मरणार्थ गवई येऊन गातात, आणि गाण्याआधी बराच वेळ तंबोरे जुळवले जातात.